काचपेटीतलं पाणगवत

सकाळी उठल्या उठल्या आनंदरावांचा पहिला प्रश्न ठरलेला. देवाचं नाव नाही, चहाची चौकशी नाही. अंथरुणावर उठून बसायचं, तोंड खिडकीकडे वळवायचं आणि हाक मारायची, "सुहास, लागलं का गं?"

सुहासिनी तेव्हा चुलीपुढे असायची. ओल्या लाकडांच्या धुरानं डोळे चुरचुरत असायचे, कंबर आदल्या दिवशीचीच दुखत असायची. तिथूनच ती म्हणायची, "अजून नाही, मामंजी."

"बरं," म्हातारा म्हणायचा. "घाई नाही."

घाई नाही म्हणे! त्यांना नव्हती. तिला होती, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

लागलं का, म्हणजे रोप लागलं का, त्यानं मूळ धरलं का. भाताच्या मुलखात याची कुणाला फोड करून सांगावी लागत नाही. पण हे रोप काही खाचरातलं नव्हतं. ते होतं खिडकीत ठेवलेल्या काचेच्या पेटीत, पाण्याखाली, वाळूत खोवलेलं. नदीच्या तळाला उगवणारं गवत ते, लांब, अरुंद आणि पिळा पडलेल्या पानांचं. लोक त्याला नुसतं पाणगवत म्हणत. आणि या पाणगवतावर एका बाईचं माहेरी जाणं अडून राहिलं होतं. आता काय म्हणावं याला!

आनंदराव म्हणजे सुहासिनीचे सासरे. उभा जन्म भोर संस्थानच्या मोजणी खात्यात गेला. साखळी घेऊन वेल्ह्याचे डोंगर पालथे घातले. नजर अशी की बांध बोटभर सरकवला तरी लांबून ओळखायचे. भाटघरला धरणाचं काम चालू होतं तेव्हा ते एकदा एका गोऱ्या इंजिनिअरच्या बंगल्यावर गेले होते. तिथं खिडकीत काचेची पेटी, आत नितळ पाणी आणि पाण्यात हलणारी हिरवी पानं. साहेब आत नकाशे बघत राहिला आणि हे बाहेर पानं बघत राहिले. ते मनात बसलं ते बसलंच. पुढं बायको गेली, पेन्शन झाली आणि काचबिंदूनं डोळे धरले. पुण्याच्या डॉक्टरनं हात टेकले. म्हणाला, आता उजेड-अंधार कळेल, हिरवं-तांबडं कळेल, तेवढ्यावर भागवा. त्यावर आनंदराव म्हणाले, "मग हिरवंच बघतो," आणि पेटीसाठी मुलाच्या मागं लागले.

मुलगा केशव, सुहासिनीचा नवरा, खडकीच्या लष्करी डेपोत कारकून. लढाई सुरू झाल्यापासून त्याला रजा कशी ती नाही, महिन्यातून एखाद्या रविवारी तोंड दाखवायचा. मूलबाळ नव्हतं, तेव्हा घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं. एकदा येताना केशवनं पुण्याच्या जुन्या बाजारातून जुन्या बॅटरीची मोठी काचेची पेटी आणली, खिडकीत ठेवली, "घ्या आप्पा, झाली तुमची हौस" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता निघून गेला. पेटी आणून टाकणं सोपं असतं हो. पुढचं सगळं सुनेच्या गळ्यात.

मासे नकोत, हे आनंदरावांनी आधीच सांगितलं. सोवळ्याच्या घरात तो घोळ नको, नुसतं झाड लावा.

रोप आणलं ठकुबाईनं. ही नदीपलीकडच्या वाडीतली, घरी दुधाचा रतीब घालायची. तोंडाची फटकळ, पण मनात काही नाही.

"ह्ये गवात?" ओल्या फडक्यातनं जुडी काढत ती म्हणाली. "वैनी, आमची म्हस बी तोंडात धरत न्हाई ह्ये. तुमी काचंत घालून त्याची पुजा मांडणार व्हय?"

"तू दे इकडे."

"देती की. पर खाली मूठभर श्याणखत घाला. त्याबिगर काय लागत न्हाई, सांगून ठिवते."

सुहासिनीनं घातलं. शेतकरीण बाई सांगते आहे म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं? झालं! पाणी काळं पडलं, आणि असा वास सुटला की समोरच्या ओट्यावर पान खात बसलेली मंडळी नाक धरून आत गेली. रोप सडून गेलं. ठकुबाईनं पेटीत डोकावून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "बया गं! चुकलंच माजं. त्याला श्याण नगं आसंल."

दुसरं रोप लावलं आणि तेवढ्यात नसरापूरचा निरोप आला.

निरोप घेऊन आला कुंडलिक. हा पुणे-भोर सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. पेट्रोल मिळेनासं झाल्यावर मोटारीला मागं कोळशाची भट्टी जोडलेली, त्यामुळे त्याचं तोंड सदा काजळीनं माखलेलं. वाटेवरच्या गावातले लोक त्याच्याकडे निरोप देत आणि तो ते इमानानं पोचवी.

"वहिनीसाहेब, नसरापूरहून तुमच्या बंधूंनी सांगितलंय," तो ओट्याखाली उभा राहून म्हणाला. "वसंतराव म्हणाले, आईनं अंथरूण धरलंय. जेवण तुटलंय. सारखं तुमचं नाव घेतात. एकदा येऊन जा म्हणाले."

भोरहून नसरापूर ते किती लांब? जेवून मोटारीत बसलं तर चहाला पोचावं, एवढंच. पण सासऱ्यांचे डोळे गेल्यापासून सुहासिनीला तेवढंही जमलं नव्हतं. एकटं कसं सोडायचं त्यांना? चुलीत पाय जायचा एखाद्या वेळी.

तिनं आनंदरावांना सांगितलं. ते ऐकून उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

"जा की," शेवटी म्हणाले. "मी अडवतोय का? शुभाला बोलावू, ती बघेल मला." शुभा म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, पुण्याला दिलेली. "पण एवढं रोप लागू दे आणि मग जा. शुभाला त्यातलं काय कळतंय? केर म्हणून उपटून टाकेल. एकदा लागलं की मग काही बघावं लागत नाही."

माझी आई मोठी की तुमचं गवत, असं तिला तोंडावर विचारता आलं असतं. ती विचारणार नव्हती असंही नाही. पण भांडायलासुद्धा अंगात बळ लागतं. विहिरीचं पाणी, चूल, त्यांची आंघोळ, त्यांचं पथ्य, धुणं, पुन्हा चूल, यात ते कधीच जिरून गेलं होतं. तिनं विचार केला, गवत तर आहे, लागायला असा किती वेळ लागणार? आणि "बरं" म्हणून ती कामाला लागली.

इथंच तिची चूक झाली. ही चूक त्या घरात नांदणाऱ्या बाईनंच करावी अशी होती. त्या घरात शिळं पाणी राहत नसे. आदल्या दिवशीचं हंड्या-कळशीतलं पाणी सकाळी अळवाला ओतायचं, भांडी राखेनं घासायची आणि विहिरीचं ताजं भरायचं. शिळं पाणी देवाला चालत नाही, माणसाला चालत नाही. मग भर खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर, ते काचेच्या पेटीत कसं ठेवायचं? लोक काय म्हणतील? तेव्हा सुहासिनी रोज सकाळी रोप बाहेर काढायची, पाणी उपसायची, वाळू धुवायची, काच पुसायची, विहिरीवरून ताजं पाणी आणून भरायची आणि रोप पुन्हा खोवायची. पेटी कशी लखलखीत! तिच्या खांद्यातनं कळा यायच्या, पण पेटी लखलखीत.

अहो, रोज उपटायचं आणि रोज लावायचं म्हटल्यावर ते लागणार कसं? पण हे शेजारी बसून सांगणं सोपं आहे. तिला कोण सांगणार? उलट जितकी तिला माहेरची ओढ, तितकी ती पेटी जास्त घासायची. पानं मलूल झाली की वाटायचं, आपल्याच हातून स्वच्छतेत काही कमी पडतंय.

"उतरल्यालं दिसतंय," ठकुबाई पेटीकडे बघून म्हणायची. "नवी नवरी आल्यावर उतरतीच की जरा. तुमी नव्हता का उतरला?"

"मी अजून उतरलेलीच आहे," सुहासिनी म्हणाली आणि दोघी हसल्या. त्या घरात हसू ऐकू यायचं ते एवढंच.

आणि एके दिवशी दुपारी ती धुणं वाळत घालून आत आली, तर आनंदराव भिंत चाचपत खिडकीशी जाऊन उभे! बाही वर केलेली, कोपरापर्यंत हात पेटीत आणि मुठीत रोप. मूळबीळ सगळं वर आलेलं.

"काय करताय हे?" ती ओरडली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती सासऱ्यांवर पहिल्यांदाच ओरडली असेल.

"ओढून बघत होतो," म्हातारा गोंधळून म्हणाला. "धरलं असेल तर हाताला कळतं. शेतात आम्ही असंच बघायचो."

"ते लागू नये असंच वाटतंय तुम्हाला! मला जाऊच द्यायचं नाहीये!"

ती बोलून गेली. आनंदरावांनी रोप पाण्यात सोडलं. हात धोतराला पुसून, भिंत धरत धरत, अंथरुणापाशी येऊन बसले. "बरं बाई," म्हणाले, "पुन्हा हात लावायचा नाही." आणि खरंच त्यांनी पुन्हा लावला नाही. बसल्या जागेवरनंच खिडकीकडे तोंड करून बघत राहायचे. कधी म्हणायचे, आज जरा पिवळट दिसतंय. कधी म्हणायचे, आज बरं आहे. त्या दुपारी तिनं रोप परत खोवलं आणि ती कामाला लागली.

मग सुगी आली. ठकुबाई भात कापायच्या गडबडीत, दूध ओट्यावर ठेवून धावतच परत जायची. कुंडलिक पुन्हा आला. या खेपेला तो ओट्यावर टेकलासुद्धा नाही. "वहिनीसाहेब, आता पाणीसुद्धा चमच्यानं पाजतात म्हणे," एवढंच खाली बघत म्हणाला.

त्या दिवसापासून सुहासिनीनं पेटीचं पाणी बदलणं सोडलं. ठरवून नव्हे. सकाळी उठली, पेटीकडे बघितलं आणि हातच वर होईनात. शिळं तर शिळं! लोकांना काय बोलायचं ते बोलू देत. ती तशीच चुलीपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि रोपानंही तेवढ्यात डाव साधला. पानं काचेसारखी आरपार झाली, बुळबुळीत झाली आणि एकेक गळून पाण्यात विरघळली. पेटीत नुसती वाळू उरली.

आता खरं सांगायचं तर हे गवत मेलं नव्हतं. ते फार चिवट. जागा बदलली, पाणी बदललं की रुसतं, सगळी पानं टाकून देतं. पण वाळूखाली गड्डा जिवंत असतो. त्याला नुसतं पडू दिलं, कुणी हात लावला नाही, तर आपलं आपण वर येतं. नवशिक्यानं लावावं असं ते झाड, फक्त नवशिक्याला दम हवा. पण हे त्या घरात कुणाला माहीत? सुहासिनीनं वाळू बघितली आणि तिला वाटलं, संपलं.

तेव्हा तिनं आयुष्यात केली नव्हती अशी गोष्ट केली. सासऱ्यांना न विचारता कुंडलिककडे निरोप दिला: पुण्याला शुभाला सांगा, गुरुवारच्या मोटारीनं ये, परतीला त्याच मोटारीनं मी नसरापूरला जाते. आणि मामंजींना सांगायचं, रोप लागलं. सरळ खोटं बोलायचं. कणीक मळताना, दिवा पुसताना ती ते एकच वाक्य मनात घोकत होती, आणि तरी ते तिला साधेना.

गुरुवारी सकाळी वाटलं, नुसत्या शब्दावर भागायचं नाही, त्यांना हिरवं कळतं. तिनं ट्रंकेतला हिरवा खण काढला. पेटीच्या मागं टांगला तर? लांबून हिरवं दिसेल. खण हातात धरून ती खिडकीपाशी उभी राहिली आणि तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कान तापले. आंधळ्या म्हाताऱ्याला चोळीच्या कापडानं फसवायचं! तिनं खण घडी करून परत ट्रंकेत ठेवला. गाठोडं बांधलं.

मोटार आली, शुभा आली. पाय धुऊन आत येते न येते तोच तिची नजर पेटीवर गेली. "अगंबाई, वहिनी, यात तर..."

सुहासिनीनं तिचा हात घट्ट दाबला. 

"मामंजी," सुहासिनी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "शुभा आलीय. मी नसरापूरला निघालेय."

आनंदरावांनी मान वळवली नाही. "आणि रोप?"

"लागलं."

 सुहासिनीला वाटलं, आता म्हणतील, मला तर काहीच हिरवं दिसत नाही. म्हणू देत. तरी मी जाणार.

म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू पसरलं. खिडकीकडेच बघत ते म्हणाले, "हो गं. लागलंय. सकाळपासून दिसतंय मला. काय हिरवं झालंय!"

सुहासिनीनं वळून पेटीकडे बघितलं.

"किती पानं आली?" त्यांनी विचारलं.

"चार," ती तोंडाला येईल ते बोलली.

"चारच," ते समाधानानं म्हणाले. "मीही मघाशी मोजली. मधून पाचवं येतंय बघ, बारीकसं."

खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं. पेटीत पाणी होतं आणि वाळू होती, बाकी काही नव्हतं. शुभानं तोंडावर हात दाबून धरला. सुहासिनी पुढं झाली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि तिनं आपला पंजा त्यांच्या डोळ्यांसमोरून हळूच इकडून तिकडे नेला. पापणी हलली नाही. ते तिच्या हातातून पलीकडे, खिडकी असेल तिकडे, हसऱ्या तोंडानं बघत राहिले.

म्हणजे हिरवं-तांबडं गेलं, उजेडही गेला. कधी गेला? आज पिवळट दिसतंय, आज बरं आहे, असं ते म्हणत होते ते सगळं तिच्या आवाजावरून! आपल्याला काहीच दिसत नाही हे तिला कळू नये म्हणून. कळलं असतं तर तिचा पाय निघाला असता का? तिला त्यांचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच वेळी मायाही आली. आता हे कळल्यावर जायचं कसं? आणि नाही गेलं तर आईचं तोंड दिसायचं कसं?

बाहेर कुंडलिकनं भोंगा वाजवला.

शुभाचे डोळे वाहत होते. तिनं खाली ठेवलेलं गाठोडं उचललं आणि सुहासिनीच्या हातात दिलं. "जा तू, वहिनी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझे वडील आहेत ते. मी आहे. जा."

सुहासिनी दारापर्यंत गेली. उंबऱ्यावरून, सगळे म्हणतात तसं म्हणाली, "येते, मामंजी."

घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, सगळे 'येते'च म्हणतात. म्हणणाऱ्याचं त्याच्याकडे लक्ष नसतं आणि ऐकणाऱ्याचंही नसतं. पण आनंदरावांनी मान वळवली, तिच्या आवाजाच्या दिशेनं, थोडी चुकीच्याच बाजूला, आणि विचारलं, "सुहास, येते म्हणालीस ते खरं, की म्हणायचं असतं म्हणून?"

तिचा पाय उंबऱ्यावरच थांबला. कारण म्हणायचं असतं म्हणूनच ती म्हणाली होती. विहिरीवर रहाट ओढताना कितीदा तिनं मनात ठरवलं होतं, एकदा नसरापूरला पोचले की परत यायचंच नाही, केशवनं काय करायचं ते करावं. हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि हे दिसलं होतं.

भोंगा पुन्हा वाजला. सुहासिनी परत आत आली, गाठोडं काखेत तसंच धरून वाकली आणि तिनं त्यांच्या पायावर डोकं टेकलं. त्यांचा हात हवेत चाचपडत तिच्या केसांवर आला.

"आई बरी झाली तर येते," ती म्हणाली. "आणि नाही झाली तरी येते."